औषधाची चिठ्ठी आणि रुग्णाची सुरक्षितता

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभरात तपासलेल्या रुग्णांची, झालेल्या शस्त्रक्रियांची आणि नव्या यंत्रसामग्रीची नोंद असते. देणगीदारांच्या औदार्यातून काय उभे राहिले, हे त्यातून दिसते आणि ते दिसणे योग्यच आहे. परंतु रुग्णसेवेचा एक मोठा भाग असा आहे की, तो यशस्वी झाला तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. चुकीची गोळी रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी कोणाच्या तरी लक्षात आली, तर त्या दिवशी काहीच घडत नाही. रुग्ण ठरल्याप्रमाणे बरा होऊन घरी जातो. या न घडलेल्या अपघातांमागे कोणती दक्षता असते, ती कोठे अपुरी पडते आणि तिच्यात रुग्णाच्या कुटुंबीयांचा वाटा किती मोठा आहे, याची माहिती विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक या सर्वांना व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

प्रश्नाची व्याप्ती

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली 'टू अर इज ह्यूमन' या नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेतील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात मांडलेला होता. केवळ औषधांतील चुकांमुळे, रुग्णालयात आणि रुग्णालयाबाहेर मिळून, वर्षाला ७,००० हून अधिक मृत्यू होतात, असेही त्यात नमूद होते. साधनसंपत्तीची वाण नसलेल्या देशातील ही स्थिती पाहून वैद्यकीय जगत हादरून गेले. मात्र त्या अहवालाचा खरा निष्कर्ष आकड्यांच्या पलीकडचा होता. बहुतेक चुका बेफिकीर माणसांकडून होत नाहीत. चांगली, कष्टाळू माणसे सदोष व्यवस्थेत काम करीत असताना त्या होतात, असे त्याने ठामपणे सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये 'हानीविना औषधोपचार' या अर्थाचे जागतिक आवाहन केले. औषधांतील चुकांपायी जगाला दरवर्षी सुमारे ४,२०० कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, असा संघटनेचा अंदाज आहे. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. २०२२ सालच्या या दिनाचा विषय औषधांची सुरक्षितता हाच होता.

एका चिठ्ठीचा प्रवास

औषध रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत ते अनेक हातांतून जाते. डॉक्टर औषध निवडतात व लिहितात. औषधविक्रेता ते वाचतो व काढून देतो. रुग्णालयात परिचारिका आणि घरी कुटुंबातील कोणीतरी ते रुग्णाला देते. नंतर त्याचा परिणाम पाहिला जातो. यांतील प्रत्येक टप्प्यावर चूक शिरू शकते आणि प्रत्येक टप्प्यावर ती पकडलीही जाऊ शकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. प्रत्येक चकती म्हणजे एक अडसर, पण प्रत्येकीत काही भोके असतातच. एरवी एका चकतीच्या भोकातून निसटलेली चूक पुढच्या चकतीला अडते. ज्या दिवशी सर्व भोके एका रेषेत येतात, त्या दिवशी अपघात होतो.

इंग्लंडमधील एका खटल्यातून ही गोष्ट स्पष्ट होते. १९८९ साली तेथील अपील न्यायालयात त्याचा निकाल लागला. दम्याच्या एका रुग्णाला छातीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी अन्य औषधांसोबत 'ॲमॉक्सिल' हे प्रतिजैविक लिहून दिले. अक्षर अस्पष्ट होते. औषधविक्रेत्याने ते 'डाओनिल' असे वाचले. डाओनिल हे मधुमेहाचे, रक्तातील साखर उतरवणारे औषध. रुग्णाला मधुमेह नव्हता. त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली आणि मेंदूला कायमची इजा झाली.

न्यायालयाने ७५ टक्के जबाबदारी औषधविक्रेत्यावर आणि २५ टक्के डॉक्टरांवर ठेवली. डॉक्टरांचे अक्षर चुकीला निमंत्रण देणारे होते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु चिठ्ठीतच सावध करणाऱ्या अनेक खुणा होत्या. लिहिलेली मात्रा २५० मिलिग्रॅमची होती व ती दिवसातून तीन वेळा घ्यायची होती. डाओनिल त्या मात्रेत दिले जात नाही. शिवाय त्या देशात मधुमेही रुग्णांना औषधे विनामूल्य मिळत असताना या रुग्णाने पैसे मोजले होते. यांपैकी कोणतीही एक खूण पाहून थांबणे शक्य होते.

या खटल्याचा विचार करताना आम्हाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. औषध हाती देताना 'हे आपल्या मधुमेहासाठी' एवढे एकच वाक्य उच्चारले गेले असते, तर रुग्णाने तत्काळ सांगितले असते, 'मला तर मधुमेह नाही.' औषध कशासाठी आहे, हे बोलून दाखवण्याला काही खर्च येत नाही. तरीही चिठ्ठीच्या संपूर्ण प्रवासात बहुधा हीच गोष्ट राहून जाते.

नेहमी आढळणाऱ्या चुका

सारखी दिसणारी व ऐकू येणारी नावे. आपल्या देशात औषधांची व्यापारी नावे असंख्य आहेत आणि त्यांतील कित्येक एकमेकांच्या अगदी जवळची आहेत. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या हिवतापावरील दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नावे जवळची असली तरी आतील द्रव्ये निरनिराळी होती. २००१ सालच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, औषधांच्या बाबतीत नावांतील साधर्म्याची कसोटी इतर मालापेक्षा अधिक कडक हवी. कारण येथील घोटाळा जिवावर बेतू शकतो आणि तज्ज्ञ माणसांकडूनही चूक होऊ शकते. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून, औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे सांगितले. संगणकावर छापलेल्या चिठ्ठीमुळे अक्षराचा प्रश्न सुटतो. पण पडद्यावरील यादीतून शेजारचेच नाव निवडले जाण्याचा धोका नव्याने उद्भवतो. छापील अक्षर सुवाच्य असते, म्हणून ते बरोबर असतेच असे नाही.

शून्य, दशांशचिन्ह आणि एकके. 'अर्धा' दाखवताना दशांशचिन्हाआधी शून्य लिहिले नाही, तर फिकट टिंब नजरेतून सुटते आणि अर्ध्याचे पाच होतात. उलट 'एक'पुढे निष्कारण टिंब व शून्य लिहिले, तर एकाचे दहा होतात. इन्सुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट' असा पूर्ण शब्द न लिहिता इंग्रजी 'यू' हे अक्षर लिहिले, तर ते शून्यासारखे भासते आणि १० युनिटचे १०० होतात. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, हेही येथे लक्षात ठेवावे. 'ओ. डी.' या संक्षेपाचा अर्थ एका चिठ्ठीत 'दिवसातून एकदा', तर डोळ्यांच्या चिठ्ठीत 'उजवा डोळा' असा होतो. संक्षेपाने लिहिणाऱ्याचे काही क्षण वाचतात. वाचणाऱ्याला मात्र तर्क करावा लागतो.

इन्सुलिन आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असते. पेनमधील आणि काही कुप्यांमधील इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असते. दोहोंसाठी सिरिंज वेगळ्या आहेत. ४० च्या सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० युनिट तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात आणि साखर एकदम खाली येते. याच्या उलट झाले, म्हणजे ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर केवळ ८ युनिट मिळतात आणि साखर का वाढते आहे, याचा उलगडा कोणालाच होत नाही. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे, हे दर वेळी पाहणे, हाच यावरचा उपाय.

लहान मुलांचे पातळ औषध. तापावरचे पॅरासिटामॉल थेंबांच्या व पातळ औषधाच्या अशा दोन रूपांत मिळते. थेंबांच्या बाटलीत सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम. थेंबांची बाटली लहान असल्याने ती सौम्य असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात ती चौपट तीव्र असते. 'एक चमचा द्या' हे सांगणे पातळ औषधासाठी असताना तेच थेंबांच्या बाटलीतून दिले गेले, तर तान्ह्या बाळाला चौपट मात्रा जाते. स्वयंपाकघरातले चमचेही एका मापाचे नसतात. म्हणून बाटलीसोबत मिळालेले मापाचे टोपण, ड्रॉपर किंवा खुणा असलेली सिरिंजच वापरावी, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नये. मुलांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते; त्यामुळे थोरल्या भावंडासाठी आणलेले औषध धाकट्याला अंदाजाने देणे धोक्याचे आहे.

रोज आणि आठवड्यातून एकदा. आमवाताच्या व सोरायसिसच्या काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे औषध दिले जाते. या विकारांत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आपल्या मनात गोळी म्हणजे रोजची गोळी, असे समीकरण पक्के असते, आणि त्याच सवयीने ती रोज घेतली गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. तोंडात व्रण, ताप, रक्तातील पेशींची घट अशी लक्षणे दिसू लागतात आणि काही रुग्ण दगावलेही आहेत. सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळीही अनेकदा तशीच लहान व पिवळसर असल्याने गल्लत होते. म्हणून चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढेच न लिहिता 'दर रविवारी' असा वार लिहावा आणि 'इतर दिवशी घेऊ नये' असे स्पष्ट सांगावे. 'दिवसाआड' हा शब्दही घाईत 'दिवसातून' असा ऐकला जाऊ शकतो. तेथेही वारांची नावे सांगणे उत्तम.

एकच औषध, दोन नावे. शहरातील तज्ज्ञ एका नावाने औषध लिहितात, गावचे डॉक्टर तेच द्रव्य दुसऱ्या नावाने देतात, आणि रुग्ण श्रद्धेने दोन्ही घेतो. रक्तदाब किंवा साखर उतरवणारी गोळी अशी दुप्पट झाली, तर घेरी येऊन पडणे, बेशुद्ध होणे असे प्रकार घडतात. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असू शकते. प्रौढाने २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या पलीकडे ते घेऊ नये, यकृताचा विकार असल्यास मर्यादा आणखी कमी असते. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी पोटात रक्तस्राव घडवू शकते.

रुग्णालयातून घरी जाताना

सर्वांत नाजूक घटका कोणती, असे विचारले तर आम्ही रुग्णाला घरी सोडण्याची वेळ सांगू. देयकाची पूर्तता, गाडीची व्यवस्था, घरी जाण्याची ओढ या गडबडीत डिस्चार्ज कार्डावरील औषधे समजावून घ्यायला कोणाला स्वस्थता नसते. घरी आधीच्या औषधांचा डबा असतो. त्यात नव्या पट्ट्यांची भर पडते. जुने कोणते बंद करायचे, कोणते चालू ठेवायचे आणि कोणत्याची मात्रा बदलली, हे तीन प्रश्न अनुत्तरित राहिले, तर जुनी व नवी औषधे एकत्र सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आवाहनात ज्या तीन बाबींवर विशेष भर दिला, त्यांत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारे रुग्णाचे स्थलांतर ही एक आहे. उरलेल्या दोन म्हणजे अनेक औषधांचा एकाच वेळी होणारा वापर आणि अधिक जोखमीची औषधे व प्रसंग. वृद्ध रुग्ण घरी जातो, तेव्हा या तिन्ही बाबी बहुधा एकत्र येतात.

रुग्ण व नातेवाइकांसाठी काही सूचना

१. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची एक यादी करावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी आहे हे लिहावे. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक व स्वतः होऊन घेतलेली औषधेही त्यात असावीत. दर तपासणीच्या वेळी ही यादी सोबत आणावी.

२. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ, सूज किंवा धाप आली असल्यास ते यादीच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहावे.

३. औषध घेतल्यावर दुकान सोडण्यापूर्वी चिठ्ठी व पट्टी समोरासमोर धरून नाव आणि मात्रा पडताळावी. नेहमीच्या गोळीचा रंग वा आकार बदलला असल्यास कारण विचारावे. पर्यायी औषध दिले असल्यास डॉक्टरांना कळवावे.

४. पट्टी कापताना नाव व मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखावा. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. डोळ्यांचे थेंब आणि कानांचे थेंब एकत्र ठेवू नयेत.

५. ज्या औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेषा असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेल, असे मानू नये.

६. डॉक्टरांनी सांगितलेले आपल्या शब्दांत त्यांना परत सांगून दाखवावे. यात अवमान कोणाचाच नाही; ऐकण्यातील गफलत तेथल्या तेथे उघड होते.

७. औषधाने त्रास झाला, तर ते परस्पर बंद करून गप्प न बसता डॉक्टरांना कळवावे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू असून १८००-१८०-३०२४ या विनामूल्य दूरध्वनीवर रुग्णालाही दुष्परिणामाची नोंद करता येते.

विश्वस्त व देणगीदारांसाठी

रुग्णसुरक्षेसाठी लागणाऱ्या गोष्टी फारशा महाग नसतात; पण त्यांचे उद्घाटन करता येत नाही. कक्षात फिरून प्रत्येक केसपेपरवरील औषधे तपासणारा प्रशिक्षित औषधनिर्माता. औषधे काढताना परिचारिकेला कोणी हाक मारणार नाही, असा शांत कोपरा. दूरध्वनीवरून सांगितलेला आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखवण्याची शिस्त. इन्सुलिनसारख्या जोखमीच्या औषधांची दोघींनी मिळून केलेली पडताळणी, या त्या गोष्टी होत. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ते सामान्य कक्षात इतर इंजेक्शनांच्या रांगेत ठेवायचे नाही, हा नियम पाळायला कपाटातील जागा बदलण्यापलीकडे काही लागत नाही.

एका गोष्टीकडे आम्ही विश्वस्तांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. औषध देण्यापूर्वी लक्षात आलेल्या, म्हणजेच टळलेल्या चुकांची नोंद रुग्णालयात ठेवली जाऊ लागली की, पहिल्या काही वर्षांत हा आकडा वाढतो. तो पाहून सेवा ढासळली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पूर्वी या गोष्टी घडत नव्हत्या असे नाही, त्या सांगितल्या जात नव्हत्या. चूक सांगणाऱ्या परिचारिकेला शिक्षा झाली, तर पुढची परिचारिका गप्प राहते, आणि तीच चूक दुसऱ्या कक्षात पुन्हा घडण्याची वाट मोकळी होते. जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा वेगळा. त्याची गय करावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीकडे 'कोणी केली' याऐवजी 'का झाली' या दृष्टीने पाहिले गेले, तरच व्यवस्था सुधारते. ज्या रुग्णालयात वर्षभर एकही चूक नोंदली जात नाही, तेथील अहवाल विश्वस्तांनी अधिक बारकाईने वाचावा.

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे हे अविश्वासाचे लक्षण समजले जाते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेतील पुढच्या माणसाचा विचार करूनही अनेक जण प्रश्न गिळून टाकतात. आम्हाला असे वाटते की, विचारणारा रुग्ण हा उपचारांतील शेवटचा आणि सर्वांत जागरूक पहारेकरी असतो. कारण त्या चिठ्ठीशी ज्याचा जीव बांधलेला आहे, असा तोच एक. सर्व प्रश्न लक्षात राहिले नाहीत, तरी एक अवश्य विचारावा: 'हे औषध कशासाठी आहे?' त्याचे उत्तर आपल्या आजाराशी जुळत नसेल, तर गोळी हातात तशीच ठेवून पुन्हा एकदा विचारावे. त्या प्रश्नासाठी थांबणे हे डॉक्टर, औषधविक्रेता व परिचारिका यांच्या कर्तव्याचाच भाग आहे, आणि त्यांना तेवढा वेळ मिळेल असे मनुष्यबळ उभे करणे, हे आपणा सर्वांचे.